हरवलेलं जोडवं

खुशालरावांचा पाय दुखत नव्हता, आणि हाच त्यांचा सगळ्यात मोठा पुरावा होता. उजव्या तळव्याला, बोटांच्या मागे, रुपयाएवढी काळी खपली धरली होती अन् तिला वास येत होता. पण अल्लीपुरात वांगी पिकवणाऱ्याच्या पायाला काय अत्तराचा वास येणार, असं त्यांचं म्हणणं. साखरेच्या आजाराच्या गोळ्या सुरू होऊन दहा वर्षं झाली होती. पाय दुखेनासा झाला तो त्या गोळ्यांचाच गुण, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती.

त्या सकाळी न्हाणीपासून देव्हाऱ्यापर्यंत फरशीवर लाल पावलं उमटली. उमटवणाऱ्याला पत्ता नव्हता. गोपिकाबाईंनी ती मुकाट पुसली, पिशवी भरली आणि नवऱ्याला वर्ध्याच्या बसमध्ये बसवलं.

बसमध्ये खुशालराव बोलतच होते. पायाला वेगळा डॉक्टर असतो, तर उद्या कोपराला निघेल. मग ते आठ दिवस जुन्या विषयावर आले.

"पायातलं जोडवं सांभाळता येत नाई तुले, अन् माह्या पायाची चिंता करून राह्यली."

खुशालरावांनी धोतर जरा खाली ओढलं. सूज घोट्यापर्यंत चढली होती, अंगात कणकण होती, हे त्यांना कालच कळलं होतं. सांगितलं नव्हतं, एवढंच.

दवाखान्यात डॉक्टर रोशनी मेश्राम होत्या, खुशालरावांच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी नायलॉनचा एक जाड दोरा काढला. डोळे मिटा, म्हणाल्या. दोरा तळव्याला लागला की हो म्हणा.

खुशालराव तयारीतच होते. आयुष्यभर त्यांनी कृषी अधिकाऱ्यांना न पाहिलेल्या योजनेबद्दल हो म्हटलं होतं.

"हो," ते म्हणाले. थोडं थांबून, "हो."

"काका, मी अजून लावलाच नाही."

त्यांनी डोळे उघडले. आता दोरा तळव्यावर वाकेपर्यंत दाबलेला होता. दिसत होता, पण पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा गप्प होता.

रोज बुटात हात घालून पाहता का, असं विचारत डॉक्टरांनी त्यांचा उजवा बूट उचलला आणि ट्रेवर उलटा केला. टण्‌कन काहीतरी पडलं.

"माह्यं जोडवं," गोपिकाबाई म्हणाल्या.

आठ दिवसांपूर्वी त्याच बुटांत पाय घालून गोपिकाबाईंनी वांग्यांना पाणी सोडलं होतं. तेव्हापासून खुशालराव त्या जोडव्यावर चालत होते, आणि चालता चालता ते हरवल्याबद्दल बायकोला बोलत होते.

"पाय राह्यते काय?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटला नाही.

डॉक्टर म्हणाल्या, एक्स-रे पाहून सांगते. पाऊण तास बाकावर दोघं बसले. गोपिकाबाई जोडवं मुठीत घेऊन.

पू हाडापर्यंत गेला नव्हता. जखम साफ केली, भरती करून घेतलं. पाय दीड-दोन महिने जमिनीला लावायचा नव्हता. चार दिवस उशीर झाला असता तर बोटांचं सांगता आलं नसतं, आणि नंतर पायाचंही.

संध्याकाळी खुशालरावांनी खाटेवर डोळे मिटले.

"हात लाव पायाले," ते म्हणाले. "मी सांगतो."

बराच वेळ गेला. या खेपेला त्यांनी हो म्हटलं नाही.

"लावला काय?"

"कवाचा धरून बसली मी," गोपिकाबाई म्हणाल्या.