अगाथकडचं विरजण

पपांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तळघराच्या पायऱ्या त्यांना बंद झाल्या. त्या हिवाळ्यात आमची वाइन माझ्यावर आली. बाकी लाकडी पिंपं नीट आंबली. अडलं ते नेमकं वरच्या उतारावरच्या रीसलिंग द्राक्षांचं पिंप. त्याच उतारासाठी पपा वर्षानुवर्षं गाईच्या शिंगांत शेण भरून थंडीभर पुरत आले होते आणि वसंतात ते पाण्यात घुसळून वेलींवर शिंपडत आले होते.

"कुरकुरतंय का?" ते रोज विचारायचे.

"नाही."

"कान लावलास?"

"दोन्ही लावले."

"यीस्ट थंडीने झोपलंय. वेली जाग्या झाल्या की तेही उठेल."

असं होतं कधीकधी, हे खरं आहे. पण मी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रंग टाकला की मेलेलं यीस्ट निळं होतं, जिवंत यीस्ट रंग घेत नाही. माझ्यासमोर सगळं निळंच निळं होतं. वाइनमध्ये साखर अजून बरीच शिल्लक होती आणि मार्च सुरू झाला होता. तळघर तापलं की त्या साखरेवर जिवाणू ताव मारणार आणि पिंपभर व्हिनेगर होणार.

"पपा, ते झोपलेलं नाही. मेलंय. पाकिटातलं यीस्ट आणू?"

"आण. त्याआधी मला पुरून ये. शिंगांच्या शेजारी जागा आहे."

पाकीट आमच्या या शिंग-शेणाच्या शेतीच्या नियमांत बसत नव्हतंच. पण आपल्यासारखीच शेती करणाऱ्याकडून जिवंत यीस्टचा गाळ घेतलेला चालतो, दही लावायला शेजारून विरजण आणावं तसा. आमच्या गावात अशी शेती करणारं दुसरं घर एकच, अगाथ बीशेलचं. तिने शेणपाणी हाताने घुसळायचं सोडून मशीन घेतलं, तेव्हा पपा गावच्या भर सभेत म्हणाले होते, "अगाथ आता वॉशिंग मशीनमध्ये मंत्र धुते." त्यानंतर ती शिंगं पुरायला आमच्याकडे आली नाही.

मी छोट्या बाटलीत नमुना घेऊन तिच्याकडे गेले. ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती.

"वॉशिंग मशीनवालीकडे बापाने पाठवलं?"

"नाही. ते म्हणाले, तिला विचारू नकोस. म्हणून आले."

"निदान खोटं तरी बोलायचंस, पोरी."

"तुम्ही लगेच ओळखलं असतंत."

तिने सुरी ठेवली, हात धुतले, बाटलीचा वास घेतला. मग घोटभर चाखून बराच वेळ तोंडात धरलं. "अजून बिघडलं नाही," ती म्हणाली. "पण फार वेळ नाही तुझ्याकडे. बादलीभर गाळ देते. पिंपात मात्र मीच ओतणार, आणि तुझ्या बापाच्या समोरून जाणार."

घरी आणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तिच्या गाळात निळे ठिपके शोधावे लागत होते.

तो थेट थंड पिंपात ओतला असता तर त्यानेही मान टाकली असती. आधी त्यात आमची थोडी थोडी वाइन घालून त्याला सवय लावायची होती आणि तोवर ऊब द्यायची होती. आमच्या घरात सारखी ऊब एकाच जागी असते, बैठकीतल्या मातीच्या शेगडीपाशी. तिथेच पपा पाय वर करून बसलेले. मी बादली त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवली.

पहिल्या दिवशी त्यांनी पेपर वाचला. दुसऱ्या दिवशी पेपर नुसता हातात होता, उलटा धरला नव्हता एवढंच. डोळे बादलीतल्या फेसावर होते.

"कशाने हलवतेस?"

"लाकडी दांड्याने."

"हाताने?"

"हाताने."

"मनगट सैल ठेव. दे इकडे."

अगाथ आली तेव्हा ते घुसळत होते, कपाळावर घाम. ती दारातच थांबली.

"दमलास तर मशीन पाठवते, रेमी."

"तुझा गाळ तेज आहे," पपा वर न बघता म्हणाले. "हा मशीनने केला नसशील."

"गाळ मी करत नाही. तो आपला आपण होतो. तुझ्यासारखं त्याला शिकवत बसत नाही, म्हणून होतो."

पपा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, बहुतेक. मग अगाथने आणि मी बादली खाली नेली आणि तिनेच ती पिंपात ओतली.

चार दिवस काही नाही. मी दर काही तासांनी खाली जात होते, साखर मोजत होते. आकडा हलेना. पाचव्या सकाळी तो किंचित उतरला. मोजण्यात चूक असेल म्हणून पुन्हा मोजलं. तेवढाच आला. मग पिंपाला कान लावला. आत कुणीतरी सावकाश तळण काढत असल्यासारखा आवाज होता. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले.

वर जाऊन सांगितलं. पपांनी कुबड्या बाजूला ठेवल्या आणि ते तळघराच्या पायऱ्या एकेक करत, बसत-घसरत उतरले. मी ओरडत होते, ते ऐकत नव्हते. पिंपाला कान लावून त्यांनी डोळे मिटले.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "चला वर."

"थांब," ते म्हणाले आणि डोकं फिरवून दुसरा कान लावला.