भैरूची साक्ष

गोजराबाई बांधावर येऊन उभी राहिली तेव्हा कुशाबा गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावत होता. तिच्या डोक्यावर पानांचं इरलं होतं आणि हातात मेणकापडात गुंडाळलेला कागद.

"भावजी, जरा वर येता का?"

एकाच गावात, रिह्यात, राहूनही सोळा वर्षांत ती त्याच्याशी बोलली नव्हती. कुशाबा धोतराला हात पुसत वर आला.

"बेचाळीसच्या चळवळीतल्या मानसांच्या घरच्यांना सरकार मदत देतंय. आमच्या मालकांसाठी दोन साक्षी लागत्यात. एक पौडच्या मास्तरांनी दिली."

"कसली साक्ष?"

"मास्तर तवा पौडच्या कोठडीत हुते. मालक त्यांना भाकरी न्यायचे, आन् दुरडीतनं चिठ्ठ्या बाहेर आणायचे."

कुशाबा बांधावरच बसला. तिच्या नवऱ्याला, भैरूला, पौडच्या चौकीतून बाहेर पडताना त्यानं स्वतः तीनदा पाहिलं होतं. "फितूर हाय," गावातले चळवळीचे पुढारी हैबतराव म्हणाले होते, "त्याच्यापायी आपली पोरं धरली जात्यात. देशाचं काम हाय, कुशा." हैबतरावांचं भैरूशी बांधावरून वाकडं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कुशाबाला तेव्हा ते क्षुल्लक वाटलं. काम झाल्यावर हैबतरावांनी हे खाचर त्याच्या नावावर केलं. त्यानं दोनदा नको म्हटलं, मग घेतलं.

नदीच्या उतारावर भैरूनं हातसुद्धा उगारला नव्हता. दुरडी तेवढी छातीशी घट्ट धरली होती. कुशाबानं ती न उघडताच पाण्यात फेकली आणि तिच्यामागून भैरूलाही. पुरानं नेला, असं गाव म्हणालं. तेव्हापासून नदीला पाणी चढलं की कुशाबाला गरम भाकरीचा वास यायचा, आणि ताटातली भाकरी तो बाजूला सारायचा. बायकोनं विचारायचंही सोडून दिलं होतं.

"वयनी, माजी साक्ष चालायची न्हाई," तो म्हणाला. "भैरू आपसूक बुडाला न्हाई. त्याला..."

"ठावं हाय."

त्यानं मान वर केली. ती खाचराकडे पाहत होती.

"हैबतराव फुकट जमीन देत न्हाईत. पर तुमी देशापायी जीव टाकणारं मानूस. तुमी मारलं, म्हंजी ते फितूरच असतील, असं मी धरून चालले. सोळा वर्सं त्यांचं शिराद घातलं न्हाई. पोरीला बापाचं नाव घेऊ दिलं न्हाई."

पावसाची सर आली आणि गेली.

"मी काय करू?"

"कसं मेले, ते लिवायला कागदावर जागा हाय. मास्तरांनी ती मोकळी ठेवलीय."

"मला लिवता येत न्हाई."

"कचेरीतला कारकून लिवंल. तुमी सांगायचं."

एवढं बोलून ती पौडच्या वाटेला लागली. तो येतोय की नाही, हे तिनं वळून पाहिलं नाही. रोपांच्या जुड्या पाण्यात तशाच पडल्या होत्या. कुशाबा उठला, आणि ओढ्यावर पाय न धुता, तिच्यापासून चार पावलं अंतर राखून चालू लागला.