झरखांचा सरदार

झरख ही महावाईट जमात. त्यांच्या ग्रहावरचं पाणी आटलं म्हणून त्यांचा आपल्या पृथ्वीवर डोळा आहे. ते कैदी घेत नाहीत, तहाची बोलणी करायला गेलेल्यांना उलटं टांगतात, आणि सात फूट उंच असूनही त्यांच्या पावलांचा आवाज येत नाही. गेली सात वर्षं दर शनिवारी संध्याकाळी ते टीव्हीवर येतात आणि या सात वर्षांत त्यांनी सात वेळा सपाटून मार खाल्ला आहे. तरी त्यांची खोड जात नाही.

या झरखांचा सरदार म्हणजे चोपन्न वर्षांची एक बाई. तिचे गुडघे दुखतात, वाचायला चष्मा लागतो, आणि लिफ्टमध्ये शेजारची चिल्लीपिल्ली तिला हक्कानं वरचं बटण दाबायला लावतात. आपली शनिवारची झोप हीच बाई उडवते, हे त्या बिचाऱ्यांच्या गावीही नाही. स्टुडिओत मात्र तिला सगळे सरदारच म्हणतात. घरी तिनं दारात चपला काढल्या की नवराही विचारतो, "काय सरदार, आज किती पृथ्व्या जिंकल्या?"

त्या मंगळवारी सकाळी मात्र ती निघाली तेव्हा त्याला थट्टा सुचली नाही. नुसता दारापर्यंत आला आणि उभा राहिला. आठव्या वर्षीचे झरख कॉम्प्युटरवर तयार होणार होते. तिला फक्त एकदा येऊन सरदाराची चाल दाखवायची होती, म्हणजे ती मोजून घेता आली असती. आपल्या जागेवर जो येणार त्याच्यासाठी आपणच जागा झाडून द्यायची, असा तो प्रकार होता.

आता हा सरदार आतून कसा होता तेही सांगायला हवं. रबराचं एवढं मोठं धूड, पाठीवर चेन, पायात वीतभर उंच बूट. चेन लावायला शिंपीकाका लागायचे, कारण अंगात झरख चढला की हात मागे जात नाहीत. सरदाराचे डोळे म्हणजे कपाळावरचे दोन लाल दिवे. पण बाईचं डोकं तिथवर पोचायचंच नाही. तिचे खरे डोळे यायचे झरखाच्या गळ्याशी. तिथे काळी जाळी बसवली होती, तिच्यातून ती जग बघायची.

पहिल्या वर्षी पहिल्याच दिवशी पृथ्वीची कॅप्टन झालेली मुलगी सरदारासमोर उभी राहिली. जेमतेम वीस वर्षांची, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच आलेली. वरच्या दिव्यांकडे बघून बोलायचं होतं, पण दिव्यांशी काय बोलणार? तिला जाळीमागे माणसाचे डोळे दिसले आणि ती त्यांच्याशीच बोलली. कोणाच्या लक्षात आलं नाही. लोकांना मात्र ते भलतंच आवडलं. कॅप्टन काय धीट आहे, शत्रूच्या थेट गळ्यावर नजर ठेवते, अशी पत्रं आली. पुढे जो नट आला तो कॅप्टनचं बघून गळ्याकडेच बघायला लागला. सात वर्षं सगळी पृथ्वी झरखांशी अशीच लढली. ही गोष्ट कोणी कुठे लिहून ठेवली नव्हती, कारण आपण असं करतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

त्यामुळे कॉम्प्युटरवाल्या साहेबांना तरी ते कोण सांगणार? गृहस्थ तसे भले होते. टक्कल, गळ्यात दोरीला चष्मा, बोलणं अगदी मऊ. त्यांनी एका काठीला सात फुटांवर दोन लाल टिकल्या चिकटवल्या आणि ती काठी सरदाराच्या जागी उभी केली. "हे त्याचे डोळे. इथे बघून बोला, बाकीचं मी बघतो."

सरदार कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. चाल दाखवून झाली होती, आता चहा पिऊन निघायचं होतं. पण पाय निघेना.

कॅप्टन काठीसमोर उभी राहिली. "मागे हो! हा ग्रह आमचा आहे!" आवाज चांगला लागला, पण नजर घसरून खाली आली. दिग्दर्शकानं पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा तेच. आठव्या वेळी तो कॅमेऱ्यामागून ओरडला, "अगं, वर बघ ना! शत्रूशी बोलतेयस की त्याच्या शर्टाच्या बटणांशी?"

"बघतेय हो मी!" कॅप्टन रडकुंडीला आली. सात वर्षांत नाव कमावलेली नटी, पण आज तिला आपली नजर कुठे जाते तेच कळत नव्हतं. साहेबांनी काठी सरळ केली, टिकल्या मोठ्या केल्या. शेवटी तेही हात टेकून बसले.

सरदाराला मात्र दुसऱ्याच वेळी कळून चुकलं होतं. ती नजर तिच्या इतकी ओळखीची होती! कॅप्टन तिला शोधत होती. पोरगी अजून माझ्याशीच बोलतेय, हे तिच्या लक्षात आलं. लगेच दुसरा विचार आला. गप्प बसावं. बसू दे यांना दिवसभर त्या काठीशी झगडत. एक वाक्य सांगितलं की टिकल्या खाली येतील, सगळं सुरळीत होईल आणि आपला या स्टुडिओशी संबंध कायमचा संपेल.

तिनं चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग तिला स्वतःचाच राग आला. सात वर्षं ज्या सरदाराला आपण वाढवलं, त्याच्या समोरचं माणूस असं हडबडलेलं दिसावं? आपण आत असू किंवा नसू, झरखांची अब्रू जाता कामा नये.

"टिकल्या गळ्यापाशी लावा," ती म्हणाली.

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. तिनं जाळीचं सगळं सांगितलं. दिग्दर्शकानं कपाळावर हात मारून घेतला. साहेबांनी मुकाट्यानं टिकल्या खाली आणल्या, आणि कॅप्टनची नजर पहिल्याच फटक्यात जागेवर बसली. झालं, संपलं, असं म्हणून सरदार पिशवी उचलायला वाकली.

"नाही जमत," कॅप्टन म्हणाली.

"आता काय झालं?" दिग्दर्शक म्हणाला.

"मला भीतीच वाटत नाहीये. सरदार चालून येण्याआधी श्वास रोखतात. जाळी हलायची थांबते. ती थांबली की आता हा झडप घालणार असं वाटतं, मग मी बोलते. ही काठी श्वासच घेत नाही, तर मी बोलू कधी?"

दिग्दर्शकानं सरदाराकडे बघितलं. "अहो सरदार, जरा स्टुलावर उभ्या राहता का? नुसत्या डोळ्यांपुरत्या?"

"अशीच? अशा कपड्यांत?"

"अशाच."

सात वर्षांत एकदाही ती स्वतःच्या चेहऱ्यानं इथे उभी राहिली नव्हती. शिंपीकाकांनी स्टूल आणून घट्ट धरलं. "चढा," ते हळूच म्हणाले. "आज चेन नाही, तेवढंच माझं काम कमी." ती दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढली आणि काठी बाजूला सारली.

मग तिनं कॅप्टनकडे बघितलं आणि श्वास रोखला.

अंगावर साधे सुती कपडे, अर्धे पिकलेले केस, समोर सगळे ओळखीचे लोक. पण मान एवढीशी तिरकी झाली, पापण्या लवायच्या थांबल्या आणि स्टुलावर बाई उरलीच नाही. दिवे सांभाळणाऱ्याच्या हातून कप पडला. शिंपीकाकांनी सात वर्षं ज्याच्या पाठीची चेन लावली त्याला आज समोरून बघितलं आणि स्टूल सोडून दोन पावलं मागे सरले. साहेब तर थेट भिंतीला टेकले.

"मागे... मागे हो," कॅप्टन म्हणाली आणि स्वतःच एक पाऊल मागे गेली. हे कागदावर नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं दात आवळले आणि मागे टाकलेलं पाऊल पुन्हा पुढे टाकलं. "हा ग्रह आमचा आहे!"

'कट' म्हणायचं दिग्दर्शक विसरूनच गेला. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळा स्टुडिओ दणाणला. कॅप्टन धावत आली आणि स्टुलावरच्या बाईच्या कमरेला तिनं मिठी मारली. सरदाराला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि ती दोन्ही करत होती. एवढा आनंद तिला एकही पृथ्वी जिंकून झाला नसता.

"शिंपीकाका," दिग्दर्शक घसा खाकरून म्हणाला, "ती जाळी कापून टाका. आठव्या वर्षी सरदाराचे डोळे लोकांना दिसू देत. हेच डोळे."

साहेब भिंतीपासून सुटून पुढे आले. चेहरा पार उतरला होता. "तीन महिने खपलोय हो मी," ते म्हणाले. "चाळीस हजार झरख तयार आहेत माझ्याकडे. त्यांचं आता काय करू?"

सरदार स्टुलावरून उतरली नव्हती. तिनं वरूनच त्यांच्याकडे बघितलं.

"माझ्या मागे उभे करा," ती म्हणाली.