पाणी सारून भरलेल्या बाटल्या

दर सोमवारी सकाळी डोमा डोंगा काढे, तलावाच्या मधात जाय अन् पाणी भरून आणे. मासोळी नाही, पाणी! आता धिवराच्या पोटी जन्मलेला माणूस तलावातून नुसतं पाणी घेऊन येते म्हटल्यावर गावानं हासू नाही तर काय करावं? गावातला हेमराज तलावाच्या पाळीवर दात घासत उभा राहे अन् आवाज देये, "डोमाभाऊ, आज किती किलो पाणी सापडलं गा?"

डोमा डोंगा बांधे अन् चालू लागे. बोलायची ताकद कुठं रायते? पहाटे जाळं ओढा, मासोळी आंधळगावच्या बजारात पोचवा, अन् वरून हे. पण पोरगी शिकून राहिली होती न. उर्वशी नागपूरले विद्यापीठाच्या पर्यावरणाच्या संस्थेत होती. वस्तीतून एवढ्या लांब शिकाले गेलेली पहिलीच. अभ्यासाले तिनं आपल्याच गावचा तलाव घेतला. तो हिरवा काहून पडून राहिला, त्यातली मासोळी काहून कमी होऊन राहिली, हे तिले पाहायचं होतं. होस्टेलवरून दर हप्त्याले येणं जमे नाही, म्हणून बाटल्या बापाच्या गळ्यात पडल्या. "बाबा, मधात जाऊन वरचं पाणी भरा, झाकण घट्ट लावा, बर्फाच्या डब्यात ठेवा," एवढं सांगून ते गेली.

डोमानं तेवढंच केलं. सायकलीवर डबा बांधून वरठी स्टेशन गाठे, नागपूरले रोज जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती देये. अकरा महिने. ताप होता तेव्हा बी, मेव्हण्याच्या तेरवीच्या दिवशी बी. एक सोमवार सुटला नाही.

अन् मंग एक दिवस उर्वशीच्या मॅडम तिले घेऊन तलाव पाहाले गावात आल्या. रत्नमाला मॅडम. साधी बाई, चप्पल हातात घेऊन चिखलात उतरली. संस्थेतून एकाच पोराले किंवा पोरीले दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेत दोन वर्षं संशोधनाले पाठवणार होते. नावं दोन होती, त्यातलं एक उर्वशीचं. कागद गुरुवारी जायचे होते.

"काका, तुमच्या पोरीनं कमाल केली," मॅडम डोमाले म्हणाल्या. "तलाव पाहा, वरून हिरवागार. पण आकडे पाहिले तर पाणी साफ! अकरा महिने एकसारखं साफ. मी असं कुठंच पाहिलं नाही. याच आकड्यांवर तिची जागा होईल."

डोमाची छाती हातभर झाली. मंग मॅडमनं पिशवीतून बाटली काढली, पाण्याशी वाकल्या अन् हळूच, पाणी हलू न देता, वरची हिरवी साय तशीच बाटलीत घेतली.

डोमानं वाकून बाटलीतली ती साय पुन्हा पाहिली.

कारण का, त्याच्या घरात पाणी असं कोणी भरत नाही. त्याच्या बापानं शिकवलं होतं, डोंग्यात तहान लागली का उलट्या हातानं तीनदा वरचं पाणी बाजूले सारायचं, मंग भरायचं. पाण्याले रस्ता मागितल्यावाणी. हात आपोआपच जाय. अन् पोरीच्या बाटल्यायसाठी तर त्यानं जरा जास्तच सारलं. नागपूरले जाणारं पाणी, शिकलेल्या लोकायसमोर ठेवणार, त्यात घाण कायले धाडायची?

मॅडम घरी चहाले बसल्या. डोमा चुलीपाशी गेला अन् बायकोच्या कानात सगळं सांगितलं. सुमनबाईनं हातातली फुकणी खाली ठेवली.

"चूप राहा," ते म्हणाली. "कोणाले माहीत हाये? तुमाले अन् मले. गुरुवार निंगू द्या."

"गुरुवार निंगन वो. पण ते तिकडं जाईन अन् लोकं हेच इचारतीन, साफ कसं? मंग काय सांगन पोरगी?"

"तुमाले अक्कल आजच आली काय?"

आजच आली होती, काय करता? डोमानं उर्वशीले मागच्या आंगणात बोलावलं अन् उलटा हात हवेत तीनदा फिरवून दाखवला. पोरगी पाहातच राहिली.

"सगळ्या बाटल्या?"

"सगळ्या."

"बाबा, एकदा तरी सांगायचं न!"

"तू इचारलं कधी? पाणी भरा म्हणली, मी भरलं."

तिच्या डोळ्यात पाणी आलं, पण ते रडली नाही. भिंतीले टेकून उभी राहिली जराशी. मंग पदरानं तोंड पुसल्यावाणी ओढणी फिरवली अन् आतमंधी गेली. डोमा दारातच थांबला. त्याले ऐकू येत होतं सगळं. पोरीनं काही लपवलं नाही, बापावर ढकललं बी नाही. "मी नीट शिकवलं नाही, मॅडम," म्हणाली.

मॅडमनं कप खाली ठेवला.

"हे आकडे आता पाठवता येणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "या वर्षी दुसऱ्याचं नाव जाईल, उर्वशी. मला वाईट वाटतं, पण दुसरा रस्ता नाही."

"हो मॅडम."

"पण बाटल्या फेकू नको. कशा भरल्या ते लिहून ठेव. आता दोन-दोन भरा, एक काकांच्या पद्धतीनं सारून अन् एक तशीच. फरक किती ते दिसू दे. पुढच्या वर्षी परत अर्ज कर."

मॅडम गेल्या. सुमनबाई भांडे आपटत राहिली. उर्वशी दिवसभर तलावाच्या पाळीवर जाऊन बसली. डोमा बी तिच्यासमोर गेला नाही, जाळं शिवत बसला. शिवलेलंच पुन्हा शिवलं.

संध्याकाळी ते येऊन बाजूले बसली, वही घेऊन.

"सांगा," म्हणाली. "हात पाण्यात किती खोल जाते?"

"मनगटापर्यंत."

तिनं लिहिलं. "एका बाजूनं सारता का दोन्ही?"

"आंगापासून तिकडं. आपल्याकडं सारलं तर घाण डोंग्यापाशीच येते न."

तेही लिहिलं. मंग वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "सोमवारी दुसरी बाटली न सारता भरा लागन, बाबा. जमन न?"

डोमानं सुई जाळ्यात खोसली. अजून एक वर्ष, बावन्न सोमवार, अन् आता दोन-दोन बाटल्या.

"मले जमन," तो म्हणाला. "हात ऐकन का नाही, ते सांगता येत नाही."

मॅडम गेल्यापासून उर्वशीनं पहिल्यांदाच त्याच्याकडं पाहिलं. "मंग हा सोमवार मी थांबतो," म्हणाली. "तुमी डोंगा धरा. हात मी धरतो तुमचा."