एकाच मापाची दोन काडतुसे

मित्रांनो, मी एक जुनी बोल्टची रायफल आहे; बोल्ट म्हणजे मागेपुढे ओढून काडतूस नळीत ढकलायचा माझा दांडा. माझे दोन जन्म झाले, त्यामुळे वय विचारलेत की मी जरा गोंधळते. पहिल्यांदा मला जपानमध्ये सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, सैन्यासाठी घडवले. त्या सैन्याच्या काडतुसांना बुडाशी रुंद कड असे, म्हणून माझा बोल्टही तशी कड धरणारा केला होता. पुढे याच गोष्टीमुळे मी भंगारात जाता जाता वाचले.

बरीच वर्षे मी ग्रीसने माखलेल्या पेटीत पडून होते. मग पेटी अमेरिकेत आली. त्या काळी रायफली टपालाने मिळत. मोंटाना राज्यातल्या ऑर्विल स्टेनस्रूड नावाच्या बंदूक-कारागिराने मला मागवून घेतले. ऑर्विल बोलायचा कमी आणि मोजायचा फार.

त्याच्या गावात एका जुन्या शिकारी काडतुसाचे सगळ्यांना भारी वेड होते. ते बोटाएवढे लांब, अंगठ्याएवढे जाड आणि बुडाशी कड असलेले होते. त्यांच्या आजोबांनी त्याच काडतुसाने गवे मारले होते. इतर बोल्ट रायफलींच्या घशाखाली ती कड सहसा उतरत नाही. माझ्या उतरेल, हे ऑर्विलने ओळखले. त्याने माझी जुनी नळी काढून नवी जाड नळी बसवली. मग सबंध हिवाळा तो कानस घेऊन माझ्या पोटातल्या, काडतुसे रचून धरणाऱ्या पट्ट्या घासत बसला. दारू नसलेली काडतुसे भरायची, बोल्ट ओढायचा, अडकले की पुन्हा घासायचे. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढेच बसायला हवी. ती मागे गेली की दोघे एकमेकांना अडकतात आणि मी मुकी होते. ही माझी खोड पूर्ण कधीच गेली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

पहिला बार त्याने मला जुन्या टायरला बांधून, ट्रकमागे लपून, दोरीने काढला. मला थोडा अपमान वाटला. बार झाल्यावर त्याने रिकामे काडतूस भिंगाखाली अर्धा तास पाहिले आणि म्हणाला, "चालेल."

त्याची बायको लुएला दारात उभी होती. ती म्हणाली, "अख्खा हिवाळा घासलीस, आणि नुसतं चालेल? लग्नात मला बघूनही हेच म्हणाला होतास."

मला तिनेच उचलले. पुढची नऊ वर्षे दर हंगामाला मी तिच्या खांद्यावर डोंगर चढले. लोक मला हातात घेऊन बोल्ट मागेपुढे करत, आणि मी फुशारून जाई.

आता जी सकाळ सांगायची आहे, ती आठवली की माझे लोखंड अजून गार पडते.

लुएलाचा धाकटा भाऊ मर्ल. त्याच्याकडे आजोबांची रायफल होती. तिच्या मागे एक झाकण असते. ते उचलायचे, एकच काडतूस घालायचे आणि बंद करायचे. तिला काडतूस माझ्याच मापाचे लागे, पण लोखंड शंभर वर्षांचे आणि मऊ. म्हणून ऑर्विल घरीच दारू भरून दोन प्रकारची काडतुसे बनवायचा, माझी कडक आणि तिची सौम्य. माझे काडतूस तिच्यात उडाले असते, तर झाकण फुटून मर्लच्या तोंडावरच आले असते. बाहेरून मात्र दोन्ही अगदी सारखी दिसत. ऑर्विलने पुठ्ठ्याच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहिली होती.

पण मित्रांनो, शिकारी डबा घेऊन डोंगरावर जात नाहीत. डब्यात काडतुसे खुळखुळतात आणि एल्क हरणे मैलभर लांब पळतात. म्हणून हंगामाच्या पहिल्या सकाळी सगळे जण काडतुसे खिशात ओततात आणि रिकामा डबा तंबूतल्या शेगडीत टाकतात.

त्या सकाळी ऑर्विल तळावरून लाकडे आणायला ओढ्याकडे गेला होता. तव्यावर बेकन तडतडत होते. मर्ल कोटाचे सगळे खिसे चाचपत होता.

"लू, माझा डबा घरी टेबलावरच राहिला गं."

"डोकं तरी आणलंस ना?"

"ते गेल्या वर्षीच विसरलो होतो. पाच दे की."

तळावर कुणी काडतूस मागितले तर नाही म्हणायचे नाही, अशी तिथली रीत आहे. मीठ मागितले तर देतात ना, तसेच. दोन प्रकार असतात हे लुएलाला पक्के ठाऊक होते, पण विचार करण्याआधी तिचा हात खिशात गेला. मी तंबूच्या खांबाला टेकून सारे पाहत होते. मला ओरडता आले असते, तर मी नऊ वर्षांची सगळी वाहवा त्या एका ओरडण्यासाठी दिली असती. मर्लने पाच काडतुसे खिशात टाकली, बेकनचा तुकडा तोंडात कोंबला आणि तो निघून गेला.

अर्ध्या तासाने ऑर्विल लाकडांचा भारा घेऊन आला.

"मर्ल कुठाय?"

"वर गेला. डबा विसरला होता वेंधळा. मी माझी पाच दिली."

भारा ऑर्विलच्या हातातून खाली पडला.

"तुझी?" एवढेच तो म्हणाला. लुएलाचा चेहरा पांढराफटक पडला.

धावून त्याला गाठणे शक्य नव्हते. एकच उपाय होता. सारख्या अंतराने तीन बार म्हणजे संकट. ते ऐकले की शिकारी हातातले सोडून खाली येतात. लुएलाने मला झडप घालून उचलले, काडतुसे भराभर माझ्या पोटात ढकलली आणि आकाशाकडे पहिला बार काढला. तिने बोल्ट ओढला, आणि तो अर्ध्यातच अडकला. घाईत तिने कडा उलट्या बसवल्या होत्या.

एका बाराला काहीच अर्थ नसतो. कुणाला तरी हरीण मिळाले, एवढाच. उलट त्या आवाजाने बुजलेले कळप मर्लच्याच बाजूला पळाले असणार. लुएला बोल्टशी झटत होती आणि रडत होती. मला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

ऑर्विलने माझ्या पोटाखालचे झाकण उघडले, सगळी काडतुसे बर्फात सांडली आणि तीन उचलून तिच्या तळहातावर ठेवली. "पोटात नको भरू. एकेक, हातानं, सरळ नळीत. दर बारामागं दहा मोज."

तिने एक बार काढला आणि दहा अंक मोजले. दुसरा काढला, पुन्हा दहा मोजले. मग तिसरा काढला.

नंतर आम्ही ऐकत राहिलो. डोंगरावरून कधीही तो जाड आवाज येईल, असे वाटत होते. तव्यावरचे बेकन जळून कोळसा झाले, तरी कुणी हलले नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग झाडीत फांद्या मोडल्या आणि मर्लच्या शिव्या ऐकू आल्या.

"कुणाचा पाय मोडला? आयुष्यातला सगळ्यात मोठा नर समोर होता! घोडा चढवला होता, बोट चापावर होतं, आणि तुमचं हे धडाम धडाम. पहिल्याला दाद दिली नाही मी, पण नंतर तीन मोजले."

ऑर्विलने त्याच्या हातातून रायफल घेतली, झाकण उचलले आणि काडतूस बाहेर काढले. काय झाले ते चार शब्दांत सांगितले. मर्ल ओंडक्यावर बसला.

ते काडतूस बोटांत फिरवत तो म्हणाला, "दिसतं तर माझ्या काडतुसासारखंच."

"मलाही सारखंच दिसतं," ऑर्विल म्हणाला. "आणि भरलं मी. नाव डब्यावर लिहिलं. काडतुसावर लिहायला हवं होतं."

घरी गेल्यावर त्याने लुएलाची नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली घेतली आणि माझ्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावर ठिपका दिला. पण त्या काडतुसांचा मला काही उपयोग झाला नाही. लुएलाने मला पुन्हा खांद्यावर घेतले नाही. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लटकत राहिले. धूळ बसली, बोल्टला गंजाचे डाग आले. सुरुवातीला मी रुसले. शेवटचे तीन बार मीच दिले ना, असे मनात म्हणायची. पण पहिली पाच काडतुसेही माझ्याच नावाची होती.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसा, तेल द्या. पण एवढ्याने भागत नाही. तुमच्या वस्तूत जे धोक्याचे आहे, त्याची खूण त्या वस्तूवरच करा. डबे शेगडीत जातात. आणि हात खिशात जाण्याआधी एकदा थांबा. मला थांबता आले नाही, बोलता आले नाही. तुम्हाला दोन्ही येते.

ऑर्विल आता नाही. मला गंजून जाऊ द्यायला मर्ल तयार नाही. दर शरदात तो येतो, मला उतरवतो, टेबलावर ठेवून बोल्ट काढतो आणि तेलाच्या फडक्याने सावकाश पुसत बसतो. लुएला समोर कॉफी घेऊन बसते. ती माझ्याकडे कधीच बघत नाही. पुसून होईपर्यंत ती त्याच्या धडधाकट हातांकडे बघत राहते.