तिरप्या ताटातलं वरण

मित्रांनो, मी एक जुनी काळीपिवळी जीप आहे. 'जुनी' हा शब्द मी स्वतः वापरला तर चालतो, दुसऱ्यानं वापरला की मला राग येतो! पांढरकवडा ते मुकुटबन या रस्त्यावर माझी एकवीस वर्षं गेली. मीटर तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांवर दमून थांबलं. मी नाही थांबले.

कारखान्यातला माझा जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतो तो तांड्यावरचा पहिला दिवस. देवसिंगबाबांनी मला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मुलाला, सेवादासला, बजावलं, "सकाळी आधी गाडीचं तेल पाहाजो, मंग आपला चहा." सेवादासनं हा शब्द कधीच मोडला नाही. बाबा गेले, तरी रोज सकाळी तो बोनेट उघडायचा, तेल मोजायची पट्टी पुसून आत घालायचा आणि बाहेर काढून निरखून बघायचा. एवढी काळजी माझ्या वाट्याला आली, म्हणून मी जरा शेफारलेही होते.

मी माणसं वाहिली, कापसाची गाठोडी वाहिली, तांड्यातल्या अकरा लेकी सासरी पोचवल्या. बिजलीबाईची लेक जमनी तर दवाखाना गाठता गाठता माझ्या मागच्या सीटवरच जन्मली. बिजलीबाई अजून जाता-येता माझ्या बोनेटवरून हात फिरवते.

यंदा होळीनंतर माझी बॅटरी कमजोर झाली. सेवादासनं युक्ती काढली. देवळासमोरची सपाट जागा सोडून तो मला घराजवळच्या उतारावर, तोंड खाली करून उभी करू लागला. सकाळी ब्रेक सोडला की मी घरंगळायची, तो गिअर टाकायचा, आणि मी सुरू! सगळा तांडा त्याच्या अकलेचं कौतुक करायचा. मलाही घसरगुंडीची मजा वाटायची.

पण तेव्हापासून माझं तेल कमी होऊ लागलं. रोज सकाळी पट्टी कमीच दाखवायची. सेवादास बिचारा रोज डब्यातून थोडं तेल ओतायचा. तरी मी बिघडतच गेले. उभ्या उभ्या थरथरायची, चढावर धापा टाकायची आणि मागून निळा धूर सोडायची. पोरं ओरडायची, "मच्छरवाली गाडी आली!" प्रवासी मला सोडून मागच्या जीपची वाट बघू लागले. एका ड्रायव्हरनं तर निकालच दिला, "इंजिन बसलं हिचं. तेल पिऊन राह्यली."

सेवादासनं भंगारवाल्याला शनिवारी यायला सांगितलं. तसं सांगून आल्यावर त्यानं माझी काच दोनदा पुसली आणि तोंड फिरवून घरात गेला. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं.

शेवटचा उपाय म्हणून शुक्रवारी पांढरकवड्याचा मेकॅनिक संघदीप मोटरसायकलवरून आला. त्यानं माझ्या पोटाखाली पुठ्ठा अंथरला आणि इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. पुठ्ठा कोरडाच राहिला. म्हणजे तेल गळत नव्हतं. मग त्यानं हवेचा फिल्टर काढला, तर तो तेलानं चिंब! इंजिन बंद करून, जरा थांबून त्यानं पट्टी बघितली, तर तेल कमी.

"सेवादासभाऊ, पट्टी म्हणते कमी, फिल्टर म्हणते जास्त. मले तर काहीच समजून नाही राह्यलं."

"रोज माह्या हातानं टाकतो ना मी!" सेवादास कळवळून म्हणाला.

तेवढ्यात सेवादासची आई, हंसाबाई, वरण-भाकरीचं ताट घेऊन आली. "पोटात काही टाक बापू, मंग पाह्य." संघदीप तिथंच माझ्या सावलीत जेवायला बसला. ताटातलं वरण घरंगळून खालच्या काठाला साचलं आणि भाकरीकडची बाजू कोरडी पडली. हंसाबाईनं ताटाखाली दगड सरकवला. "उतारावर बसलास बापू, वरण एकाच कडेले जाईन नाही तं काय!"

संघदीपचा घास हातातच राहिला. त्यानं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, गाडी रोज इथंच उभी ठेवून तेल पाहता?"

"हो. काहून?"

हात न धुताच संघदीप उठला. सगळ्यांनी मला ढकलत देवळासमोर सपाट जागेत नेलं. तेल खाली बसू दिलं. मग संघदीपनं पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर!

उतारावर माझं तेल पुढे पळायचं आणि पट्टी तर मागच्या बाजूला. म्हणून ती रोज खोटं बोलायची आणि सेवादास मायेनं रोज ओतायचा. नको इतकं पाजलेलं तेल मी हवेच्या नळीतून बाहेर टाकत होते, जाळत होते, खोकत होते.

"याडी, मीच पाजून पाजून मारत होतो हिले!" सेवादास आईला म्हणाला आणि डोळे पुसत हसू लागला.

संघदीपनं जास्तीचं तेल काढलं, नळी धुतली, फिल्टर बदलला, नवी बॅटरी बसवायला लावली. "वय झालं आहे हिचं," तो म्हणाला, "थोडं तेल खाईनच. पण भंगारात जायची नाही." धूरही लगेच कमी झाला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, भंगारवाला आला. त्याला परत पांढरकवड्याला मीच सोडून आले, तेही चढावर एकदाही न खोकता!

मित्रांनो, जीव जरूर लावा, पण काय कमी आहे आणि काय जास्त, हे आधी सपाट जागेवर बघा. सेवादास आजही चहाच्या आधी बोनेट उघडतो, पण मला देवळासमोर नेऊन. पट्टी बघतो, तेल पुरेसं असलं की हसतो आणि डब्याला हात न लावता बोनेट बंद करतो. त्यातही मला त्याची माया कळते.