नळीतला किडा

गोदामात शंभरेक माणसं, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. नळीवाल्या बाबांनी घड्याळजीच्या उजव्या डोळ्याला पितळी नळी लावली, गाल आत ओढून चोखलं आणि ताटलीत थुंकले. बघतात तर पांढरा किडा. गर्दी जागच्या जागी हात जोडून उभी. बाबा म्हणाले, आत सात आहेत, रोज एक काढू, मधे डॉक्टरची सुई टोचलीत तर उरलेले मेंदूत पळतील. किडेही बाबांचं ऐकूनच पळणारे, फारच शिस्तीचे.

घड्याळजीची बहीण शिवणकाम करायची. दादाला शुगर जुनी. आधी नाक चोंदलं, मग काळ्या खपल्या, मग डोळा सुजून पुढे आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजच भरती करा, ऑपरेशन लागेल. पण त्याच डोळ्याला भिंग लावून दादा पोट भरायचा, चाकूचं नाव काढताच गारठला. बाबांकडे त्याला बहिणीनंच नेलं.

तिसऱ्या दिवशी दादा खूश. "छकुले, गाल दाब बघू. अजिबात दुखत नाही."

तिनं दाबला, आणि तिलाही हायसं वाटलं.

बाबा किडा पुडीत बांधून द्यायचे, उशाशी ठेवायला. पाचवा तिच्या हातून पाण्याच्या पेल्यात पडला आणि तासाभरात उलगडला. तिनं दादाचं भिंग लावलं. खळ धुऊन गेलेला तीन पदरी दोरा, टोक कात्रीनं तिरकं कापलेलं. हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

ती गोदामात गेली, सगळ्यांदेखत पेला पुढे केला. "बाबा, आधी चूळ भरा, मग चोखा."

बाबांना अचानक मौन आठवलं. बाबांच्या मागे बसलेल्या एका म्हातारीनं चिडून त्यांच्या पाठीत थाप मारली, तसे गालातले दोन किडे गळ्यातल्या माळेवर येऊन पडले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलल्या. "ही बुरशी आहे. नाकातून हाड पोखरत डोळ्याच्या खोबणीत गेली. गाल बरा नव्हता झाला, बधिर झाला होता. नस मेली."

"आणि डोळा?"

"काढावाच लागेल. त्यानंतरही जगतील असं मी म्हणत नाही."

दादा गुंगीत विचारतो, "सातवा निघाला का गं?" ती हो म्हणते.

बाबा आता पलीकडच्या गल्लीत बसतात, रांग तेवढीच. ती रोज तिथे दोरा घेऊन उभी राहते आणि सांगते, शुगर असेल, नाक चोंदलं, डोळा सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. लोक तिला वळसा घालून आत जातात.